जुनं फ्लेक्स मशीन घेताय? बैलासारखे आधी त्याचे दात बघा

माढा, तालुका प्रतिनिधी :

सांगोल्याच्या बाजारात खोंड घ्यायचा तर आपण काय करतो? तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, खूर बघतो, आणि सोबत एखादा जाणता माणूस नेतो. व्यापारी सांगतो म्हणून कोणी पैसे मोजत नाही. पण आपलंच पोरगं पुण्याला जाऊन साडेतीन लाखाचं जुनं फ्लेक्स मशीन घेतं, तेव्हा काय बघतं? चालू करून दाखवलेला एक बोर्ड. रंग झकास दिसतो, टेम्पो ठरतो, मशीन गावात येतं. खरं काय ते गावात आल्यावरच कळतं.

हा विषय आत्ताच का, तर त्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ ला आदेश दिला आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांना वाट मिळाली. निवडणूक म्हटलं की फ्लेक्स आला. चौकाचौकात बोर्ड लागले, छपाईवाल्यांना जेवायला वेळ नव्हता. ते बघून बऱ्याच पोरांच्या डोक्यात आलं की आपणही मशीन टाकावं. आता हंगाम ओसरला की काय होतं? ज्यांनी घाईत मशीन टाकलं ते विकायला काढतात आणि ज्यांनी टाकलं नाही ते स्वस्तात घ्यायला निघतात. मोबाईलवर 'चालू स्थितीत मशीन विकणे आहे, गावी जायचे असल्याने' अशा जाहिराती दिसायला लागल्या की समजायचं, एकाचा तोटा दुसऱ्याच्या दारात चाललाय.

घरचंच उदाहरण

दुसऱ्याचं कशाला सांगू. माझ्या पुतण्यानं असंच मशीन घेतलं. पन्नास हजार घरचे, तीन लाख पतसंस्थेचे. मी सोबत होतो. एरवी बातमीसाठी तहसीलदाराला दहा प्रश्न विचारणारा माणूस मी, तिथं एकही विचारला नाही. व्यापाऱ्यानं आधीच चालू करून ठेवलेल्या मशीनवर एक बोर्ड काढून दाखवला, चहा पाजला, वर म्हणाला, 'डोळे झाकून न्या.' आम्ही खरंच डोळे झाकून आणलं.

पहिला महिना बरा गेला. पाचव्या आठवड्यात मशीन लाईन मारायला लागलं. म्हणजे छापलेल्या बोर्डावर आडव्या पांढऱ्या पट्ट्या. वाढदिवसाच्या बोर्डावर साहेबांच्या कपाळावरच पट्टी, गिऱ्हाईकानं बोर्ड परत दिला. मेकॅनिक पुण्याहून यायचा, येण्या-जाण्याचे वेगळे घ्यायचा. आधी हेड धुतलं, मग एक हेड बदललं, मग बोर्ड गेला. ऐन आषाढीत दिंड्यांच्या स्वागताचे बोर्ड करायचे तर मशीन बंद. सगळ्या ऑर्डरी बार्शीला गेल्या. आज मशीन ताडपत्रीखाली आहे आणि हप्ता दुधाच्या बिलातून जातोय. पोरगं कष्टाळू आहे, डिझाईनचा हात चांगला आहे. चूक मशीन निवडताना झाली, आणि त्यात माझाही वाटा आहे.

हप्त्याचा हिशोब आधी करा

साडेतीन लाखात तीन लाख कर्ज, बारा टक्के व्याज, तीन वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता जवळपास दहा हजार बसतो. गाळ्याचं भाडं चार हजार आणि मीटरचा ठरलेला खर्च, इंटरनेट, किरकोळ मिळून दीड हजार धरा. झाले साडेपंधरा हजार. आता समजा एका स्क्वेअर फुटाला गिऱ्हाईकाकडून बारा रुपये मिळाले आणि कापड, शाई, छपाईची वीज, नासाडी असे सात रुपये गेले. हातात राहिले पाच. साडेपंधरा हजाराला पाचनं भागलं तर ३,१०० स्क्वेअर फूट. म्हणजे दहा बाय पाचचे ६२ बोर्ड. दिवसाला दोन बोर्ड विकले तर कुठं हप्ता आणि भाडं निघतं. स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही.

त्यात एक हेड गेलं आणि समजा चाळीस हजारांचा खर्च आला, तर तो भरून काढायला ८,००० स्क्वेअर फूट लागतात. दहा बाय पाचचे १६० बोर्ड फक्त त्या हेडसाठी छापायचे. हे आकडे तुमच्या गावच्या भावानं बदलून घ्या, रीत हीच ठेवा. कागदावर ज्याचं गणित बसत नाही ते दुकानातही बसत नाही.

मशीनचा जीव हेडमध्ये

पूर्वी प्रेसमध्ये ट्रेडल मशीन असायचं. ते सगळं लोखंड. झिजलं तर डोळ्याला दिसायचं, हाताला लागायचं. गावचा लेथवाला दुरुस्त करून द्यायचा. आत्ताचं मशीन तसं नाही. त्याची झीज आत असते.

फ्लेक्स मशीनचा जीव म्हणजे हेड. त्याला केसाहून बारीक शेकडो भोकं असतात, त्याला नोझल म्हणतात. त्यातून शाई फवारली जाते. सॉल्व्हंट शाई वाळली की भोक बुजतं. म्हणून मशीन रोज चालवावं लागतं, नाहीतर नीट धुऊन, क्लीनिंग सोल्युशन भरून बंद ठेवावं लागतं. महिनोन्महिने बंद पडलेलं मशीन विकायला येतं तेव्हा व्यापारी हेड धुतो, थोडा वेळ ते चांगलं चालतं. तेवढ्या वेळात सौदा होतो. काही जण थकलेल्या हेडचं व्होल्टेज किंवा तापमान वाढवून ठेवतात, म्हणजे थोडे दिवस ते तरण्यासारखं धावतं.

आणखी एक मेख. छपाई किती पासमध्ये करायची हे ठरवता येतं. पास जास्त ठेवले की हेड त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातं आणि बंद नोझलची पोकळी झाकली जाते. म्हणून दाखवलेला बोर्ड सुंदर दिसला याचा अर्थ हेड चांगलं असा होत नाही.

मग बघायचं कसं? फोन करून वेळ ठरवा, पण मशीन चालू करू नका असं बजावा आणि सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा. थंड मशीन तुमच्यासमोर चालू झालं पाहिजे. पहिली गोष्ट, नोझल टेस्ट काढा. चारही रंगांच्या रेघा कागदावर येतात, तुटलेली रेघ म्हणजे बंद नोझल. टेस्ट घडी करून खिशात ठेवा. मग कमी पासवर, म्हणजे जलद, प्रत्येक रंगाचा पूर्ण रुंदीचा पट्टा मारा. फिकट निळा आणि फिकट राखाडी रंग जरूर मारा, पट्ट्या तिथं लपत नाहीत. मग सलग दोन तास मशीन चालवा, आणि शेवटी पुन्हा नोझल टेस्ट काढून सकाळच्या टेस्टशी जोडून बघा. कापड-शाईचे पैसे तुम्ही द्या, पण हे करा. दोन-तीन हजार जातील, तीन लाख वाचतील.

हेडबरोबर बाकीचंही बघायचं असतं. डॅम्पर, कॅपिंग, पंप, कॅरेजचा बेल्ट, रूळ, एन्कोडरची पट्टी. रिप सॉफ्टवेअरचं डोंगल असेल तर ते मशीनबरोबर मिळणार का, हे आधी विचारा. डोंगलशिवाय मशीन म्हणजे चावीशिवाय ट्रॅक्टर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या मॉडेलचं हेड आणि बोर्ड आजही बाजारात मिळतो का? व्यापाऱ्याला विचारू नका. दोन वेगळ्या पार्टवाल्यांना फोन करा. मॉडेल जुनं होऊन पार्ट मिळत नसेल तर कितीही स्वस्त असू दे, ते भंगारच.

वाटेत आणि गावात

चांगलं मशीनही वाटेत मरतं. शाई न काढता, कॅरेज न बांधता टेम्पोत टाकलं आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं आणलं तर रूळ हलतात, शाई सांडून बोर्डावर जाते. उतरवल्यावर लेव्हल करावी लागते, कॅलिब्रेशन करावं लागतं. हे कोण करणार आणि कोणाच्या खर्चानं, हे सौद्यातच ठरवा.

गावातली वीज सगळ्यांना माहीत आहे. व्होल्टेज कधी चढतं, कधी पडतं. यूपीएस-स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग नसेल तर हेडचा बोर्ड जळायला एक झटका पुरतो. पुतण्याचा बोर्ड गेला तेव्हा मेकॅनिकनं पहिलं काय विचारलं? 'अर्थिंग कुठं आहे?' आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. शिवाय सॉल्व्हंट पेट घेतं, त्याचा वास डोक्याला चढतो. खिडकी नसलेल्या खोलीत, घरच्या बाजूला, लेकरं झोपतात तिथं मशीन ठेवू नका.

झेरॉक्स मशीनचं निराळं दुखणं

सेतू, शाळा, पंचायत समितीच्या आसपास दुकान टाकणारी पोरं जुनं कलर झेरॉक्स मशीन घेतात. तिथं काऊंटर बघायचा. मशीननं आजवर किती कॉप्या काढल्या ते काऊंटर सांगतो, त्याची छापील यादी मशीनमधूनच निघते. पण जुन्या ट्रॅक्टरच्या मीटरइतकाच त्यावर विश्वास ठेवा. बोर्ड बदलला की काऊंटरही बदलतो. काऊंटर कमी आणि पॅनलची बटणं घासून गुळगुळीत, रबराचे रोलर चकचकीत, असं दिसलं तर समजून जा. ड्रम, फ्युजर आणि ट्रान्सफर बेल्ट शेवटचे कधी बदलले ते विचारा. या तिन्हींचा खर्च एकदम आला तर मशीनची स्वस्ताई तिथंच संपते.

यातली बरीच मशीन परदेशात वापरून झालेली असतात. अमेरिकेतून आलेलं मशीन ११० व्होल्टवर चालतं, आपल्याकडं २३० आहे. म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मर देतात. तो जळाला किंवा कोणी चुकून थेट बोर्डात पिन घातली की कारभार आटोपला. शिवाय वापरलेली अशी मशीन परदेशातून आणायला केंद्राची परवानगी लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं असाच वाद गेला होता, तेव्हा न्यायालयानं ही आयात पूर्ण बंदीतली नाही पण निर्बंधातली आहे असं धरलं. म्हणून आयात मशीन घेताना व्यापाऱ्याचं पक्कं बिल आणि सिरीयल नंबर नसेल तर हात लावू नका.

एक गोष्ट विकणाऱ्यांसाठीही. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये हार्डडिस्क असते आणि तिच्यात कागदांच्या प्रती राहू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा संस्थेनं भाड्याची मशीन डिस्क न पुसता परत दिली, त्याबद्दल २०१३ मध्ये तिला बारा लाख डॉलरवर रक्कम भरावी लागली. आपल्या दुकानात गावाचे आधार, सातबारा, बँकेची पासबुकं झेरॉक्स होतात. मशीन विकताना डिस्क पुसून घ्या, नाहीतर काढून घ्या.

'डेमो पीस' म्हणजे नवं नव्हे

डेमो मशीनचा मोह वेगळाच. 'प्रदर्शनात फक्त चार दिवस चाललंय, नव्यासारखं आहे, लाखभर कमी लावतो.' कधीकधी हा सौदा खरंच चांगला असतो, नाही म्हणत नाही. पण चार दिवसांचं एकच प्रदर्शन की चार गावची प्रदर्शनं? दरवेळी ते बांधलं, चढवलं, उतरवलं, दहा जणांनी हाताळलं. मधल्या काळात गोदामात उभं राहिलं तेव्हा हेड धुतलं होतं का?

दुसरं म्हणजे वॉरंटी. वॉरंटीची तारीख कुठून धरायची? कंपनीकडून मशीन डीलरकडं आलं त्या दिवसापासून धरली तर तुमच्या हातात येईपर्यंत निम्मी संपलेली असते. 'बिलाच्या तारखेपासून वॉरंटी, हेडसह की हेड सोडून' हे बिलावरच लिहून घ्या. बऱ्याच वेळा मशीनची वॉरंटी असते आणि हेडची नसते. हेड सोडून वॉरंटी म्हणजे बैलाची हमी, पण पायांची नाही.

कागद पक्का तर बाजू पक्की

कायदा काय म्हणतो तेही बघू. १९३० चा वस्तुविक्री कायदा आहे. त्याचा साधा सूर असा की घेणाऱ्यानं बघून घ्यावं. तपासायची संधी मिळाली आणि तपासल्यावर जो दोष दिसला असता, त्याची तक्रार नंतर सहसा टिकत नाही. याच कायद्याच्या कलम २७ चा अर्थ असा की विकणाऱ्याचाच हक्क नसेल तर घेणाऱ्यालाही तो मिळत नाही. मशीनवर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल आणि ते लपवून विकलं तर वसुलीवाले तुमच्या दारात येऊ शकतात. म्हणून मूळ खरेदीचं बिल मागा, मशीन तारण होतं का ते विचारा, आणि असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आल्याशिवाय पैसे देऊ नका.

ग्राहक आयोगात जाता येतं का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच धरला जातो. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा फरक समजावून सांगितला. स्वतः टाईप करून पोट भरणाऱ्यानं घेतलेला टाईपरायटर ग्राहकाचा, मोठ्या उद्योगासाठी घेतलेलं यंत्र मात्र नाही. म्हणून बिलावर किंवा करारात एक ओळ घाला, 'स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगाराकरिता मशीन खरेदी केले.' ती ओळ पुढं कामी येते.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. पण लक्षात ठेवा, हे व्यापाऱ्याकडून घेतलं तर. एखाद्यानं घरातलं जुनं मशीन सहज विकलं तर तो व्यापारी ठरत नाही, तिथं दिवाणी कोर्टाचीच वाट. आमच्याकडं तर बिलच नव्हतं. वहीच्या पानावरची चिठ्ठी, आणि मोबाईलवरून दिलेल्या पन्नास हजारांची नोंद. बाकी रोख. वकिलानं चिठ्ठी बघितली आणि परत हातात दिली.

पैसे एकदम देऊ नका. थोडं विसार म्हणून, मोठा भाग मशीन गावात बसून चालू झाल्यावर, आणि शेवटचा हिस्सा आठ-दहा दिवस नीट चालल्यावर. जो व्यापारी याला तयार नाही, त्याला स्वतःच्याच मशीनचा भरवसा नाही असं समजा. आणि मोबाईलवर फोटो बघून, 'दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, टोकन टाका' म्हणणाऱ्याला रुपया टाकू नका. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

धंदाच बदलतोय, हेही धरा

मशीन तीन वर्षांच्या हप्त्यावर घ्यायचं, पण तीन वर्षं फ्लेक्सचा धंदा असाच राहील का? १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हापासून होर्डिंगकडं प्रशासनाची नजर कडक झाली. बेकायदा बोर्डांवरून उच्च न्यायालय वारंवार सुनावतं. निवडणुकीच्या पत्रकावर, पोस्टरवर छापणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. फ्लेक्स उद्या बंद होतोय असं नाही. पण फक्त वाढदिवस आणि निवडणुकीच्या जिवावर हप्ता धरू नका.

मग करायचं काय?

माझं मत विचाराल तर आधी गिऱ्हाईक, मग मशीन. एक वर्ष डिझाईन स्वतः करा आणि छपाई तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रेसमधून करून आणा. स्क्वेअर फुटामागं दोन-तीन रुपये सुटतील, पण दर महिन्याला खरं किती काम येतं ते वहीत दिसेल. लग्नसराई, आषाढी, गणपती, आणि मधले कोरडे महिने, सगळं एकदा डोळ्याखालून जाऊ द्या. त्या वहीत वर केलेल्या हिशोबाइतके फूट दर महिन्याला निघत असतील, तरच मशीनचं नाव काढा.

जुनं सगळंच वाईट असंही नाही. कटिंग मशीन, लॅमिनेशन, आयलेट मारायचं यंत्र, असली लोखंडी अवजारं जुनी घ्यायला हरकत नाही. त्यांची झीज डोळ्याला दिसते. ज्यात हेड, बोर्ड आणि सॉफ्टवेअर आहे ते जुनं घ्यायचं असेल तर मेकॅनिक तासाभराच्या अंतरावरचा हवा आणि तो व्यापाऱ्याचा माणूस नको. त्याला दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या.

पुतण्या परवा म्हणाला, 'काका, तुम्ही हे पेपरात लिहा, पण माझं नाव टाकू नका.' नाव टाकलं नाही. मशीन अजून ताडपत्रीखालीच आहे. विकायला काढलंय, पण त्यानं एक अट घातली आहे. जो बघायला येईल त्याला तो आधी नोझल टेस्ट दाखवतो, तुटक्या रेघांसकट. त्यामुळं अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही.